चौदा नंबरची चूक

ती मुलगी मला पहिल्यापासून आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणाला वाटायचं की मी अगदी निर्मळ मनाने कागद-पेन घेऊन बसले होते.

खरं म्हणजे राग तिच्यावर नव्हता, तिच्या आईवर होता. त्यांचं खोर फक्कानला केटरिंग आहे, बंदरावरच्या कामगारांचं जेवण त्यांच्या किचनमधून जातं. आम्ही अबू धाबीत, खलिफा सिटीला राहतो. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये क्वालिटीचं काम बघते, नवरा एका कंपनीत इंजिनियर आहे. दोन्ही घरांची गाठ पडायची ती गणपतीत. दोघींच्या मुली अल ऐनच्या एकाच कॉलेजात, हॉस्टेलवर एकाच खोलीत आणि एकाच टीममध्ये. तर एका गणपतीत आरती नुकतीच संपलेली, हातात प्रसाद, आणि ही बाई दहा जणींसमोर मला म्हणाली, "तुमची अजून राखीवच का हो? माझी तर पहिल्या दिवशीच घेतली."

मी हसले. पण हातातला प्रसाद तसाच रुमालात बांधला.

टीम होती फ्लॅग फुटबॉलची. अमेरिकन फुटबॉलचाच हा प्रकार, फक्त यात कुणी कुणाला पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा असतो आणि पट्ट्याला दोन फिती लोंबत असतात. चेंडू घेऊन पळणारीची फीत खेचली की डाव तिथेच थांबतो. एका बाजूला पाच जणी. एक चेंडू फेकते, बाकीच्या तो झेलायला पळतात. समोरच्या पाच जणींनी तो झेलू द्यायचा नाही. ह्या अडवण्याला पास डिफेन्स म्हणतात. आमच्या कॉलेजची टीम ह्याच ठिकाणी मार खात होती. पुढे पुढे माझ्या मुलीलाही पाचांत जागा मिळाली. ती सगळ्यांत मागे उभी राहायची आणि त्या बाईची मुलगी, चौदा नंबर, उजव्या बाजूला.

टीममधल्या काही मुली इथल्या स्थानिक घरांतल्या होत्या, म्हणून मॅच बघायला फक्त बायकांना प्रवेश. फोन गेटवरच जमा करायचे. फोटो नाही, व्हिडिओ नाही. मैदानावर कॅमेरा एकच, कोचचा, खांबावर लावलेला, आणि त्यातलं चित्रण फक्त तिने बघायचं. कोच अमेरिकन होती, चाळिशीची, गुडघ्याला कायम पट्टी, आणि पालक जवळ आले की तिचा चेहरा दुखरा दात असल्यासारखा व्हायचा. डिफेन्सच्या नोंदी ठेवणारी तिची विद्यार्थिनी इंटर्नशिपला दुबईला गेली तेव्हा नाइलाजाने ती आम्हा आयांसमोर येऊन उभी राहिली.

"कुणी लिहायला बसेल का?"

तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता.

मी सांगलीला कॉलेजात असताना खो-खो खेळलेली. जिल्ह्यापर्यंत गेलेली. पाठलाग करणाऱ्याची कुठली चूक झाली, हे मला बसल्या जागेवरून कळायचं. आणि लॅबमध्ये रोजचं कामच दुसऱ्याच्या चुका शोधायचं. त्यामुळे ह्या खेळात मला न समजण्यासारखं काही असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

कोचने फॉर्म दिला. चेंडू कुठे फेकला, जवळ की लांब, झेलणाऱ्या मुलीच्या सगळ्यांत जवळ आपली कोण होती, आणि झालं काय. चार रकाने.

"फक्त दिसेल ते लिही," ती म्हणाली. "चूक कुणाची ते मी ठरवीन."

घरी येऊन मी पट्टी घेतली आणि पाचवा रकाना आखला. त्यावर लिहिलं: चूक कुणाची.

तीन मॅच मी लिहिल्या. तिन्ही दुपार कलल्यावर सुरू व्हायच्या. नवरा मला सोडायचा आणि कॉलेजच्या बाहेरच्या कॅफेटेरियात लॅपटॉप उघडून बसायचा. मी पहिल्या रांगेत, मांडीवर फॉर्म. चौदा नंबरची आई माझ्या मागे दोन रांगा सोडून बसायची आणि ओरडायची, "यल्ला, पळ! पळ ना!" प्रत्येक ओरडण्याला माझ्या पेनाची निब कागदात जरा जास्त रुतायची.

आणि कागद माझ्या मनासारखा भरत होता. समोरच्या टीमने उजव्या बाजूला लांब चेंडू टाकला की चौदा नंबरला मागे टाकून त्यांची मुलगी सुटायची. चौदा नंबर जिवाच्या आकांताने तिच्यामागे धावायची, हात लांब करायची, फितीपर्यंत पोचायची नाही. ती मुलगी शेवटची रेषा ओलांडायची, म्हणजे टचडाउन, त्यांना गुण. मी लिहायची: जवळ कोण, चौदा. चूक कुणाची, चौदा. दुसऱ्या मॅचमध्ये हे दोनदा झालं, तिसरीत तीनदा.

त्याच तीन मॅचमध्ये माझ्या मुलीने दोन वेळा मागून झेप घेऊन समोरच्यांचा छोटा पास मधल्या मध्ये पकडला. त्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि ते झालं की बाकीच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारतात. मी दोन्ही वेळा बाजूला चांदणी काढली. फॉर्ममध्ये चांदणीला जागा नव्हती, ती मी समासात काढली.

तिसरी मॅच हरल्यावर शनिवारचा अख्खा दिवस बसून मी रिपोर्ट टाइप केला. लॅबमध्ये करते तसाच. शेवटी निष्कर्ष: "लांब पास अडवण्यात चौदा नंबर सातत्याने कमी पडते. तिच्या जागी दुसऱ्या खेळाडूचा विचार व्हावा. मागच्या खेळाडूची कामगिरी उत्तम." मागची म्हणजे माझीच. हे लिहिताना मला जराही लाज वाटली नाही. कागदच तसं सांगत होता.

कोचला पाठवला. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, "नोटेड."

दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आपण सारखे का हरतोय? मी रिपोर्ट तिथे टाकायला निघाले.

नवरा म्हणाला, "अगं, तिथे नको. ती विशीची पण नाही झालेली. हे काही तुझं लॅबचं ऑडिट नाही."

"मग काय गप्प बसू? डेटा आहे माझ्याकडे."

"डेटा कोचला दिलास ना? खलास. तुझं काम संपलं."

मी त्याच्यादेखत पाठवला.

दहा मिनिटांत खोर फक्कानहून फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"माझी मुलगी म्हणजे तुमच्या लॅबमधलं सॅम्पल आहे का?"

"हे बघा ताई, मी जे दिसलं ते लिहिलंय."

"ताई नका म्हणू मला. गणपतीतलं एवढं मनाला लावून घेतलंत होय? मला बोलायचं होतं मग. मुलीला का धरलंत?"

"गणपतीचा काही संबंध नाही."

"संबंध नाही? तुमच्या मुलीला उत्तम, माझ्या मुलीला काढा! आणि म्हणे संबंध नाही! वाचता येतं आम्हाला. डबे पाठवतो म्हणून अडाणी समजू नका."

मीही मग सोडलं नाही. आवाज चढवून म्हणाले, की पहिल्या दिवशी घेतलेल्या मुलीला शेवटच्या दिवसापर्यंत टिकायला खेळावं पण लागतं. त्यावर तिकडून फोन कट झाला. जिंकल्यासारखं वाटलं मला. चहा टाकला, उभ्या उभ्याच प्यायले.

पुढच्या मॅचला पार्किंगमध्ये ती दिसली. मुलीला घरी न्यायला आल्यासारखी गाडीला टेकून एकटीच उभी होती, आत आली नाही. मी तिच्यासमोरून ताठ मानेने गेटकडे गेले. ती एवढंच म्हणाली, "मिळालं ना तुम्हाला हवं ते?" मला अर्थ कळला नाही. मैदानावर चौदा नंबर नव्हती. तिच्या जागी दुसरीच एक उंच मुलगी उभी होती. माझ्या शेजारच्या इजिप्शियन बाईने सांगितलं, चौदा नंबरने पट्टा कोचला परत दिला, टीम सोडली.

मॅच सुरू झाली. समोरच्या टीमने पुन्हा उजवीकडे लांब चेंडू टाकला. त्यांच्या मुलीने तो आरामात झेलला आणि चालत चालत रेषा ओलांडली, कारण तिच्या आसपास कुणीच नव्हतं. मी पेन उचललं. जवळ कोण? मैदानाकडे पाहिलं. उंच मुलगी आपल्या जागेवर हात पसरून उभी होती आणि मागे वळून माझ्या मुलीकडे बघत होती. माझी मुलगी पार पुढे, मध्यावर.

रकाना कोरा ठेवला. थोड्या वेळाने तेच पुन्हा झालं. तोही रकाना कोरा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी लिहायचंच थांबवलं आणि पहिल्यांदा चेंडू सोडून माझ्या मुलीचे पाय बघत बसले. फेकणारीचा हात मागे गेला रे गेला, की ती पुढे सुटायची. दर वेळी.

मॅच संपल्यावर कोचने मला बोटाने खूण करून बोलावलं. तिच्या ऑफिसात एसी इतका गार की दात वाजत होते. तिने दार लावलं, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. बस म्हणाली नाही.

"तुझ्या मुलीला विचारून दाखवतेय," ती म्हणाली. "ह्या चित्रणात बाकी सगळ्यांचे चेहरे पुसलेत, ओळखू येतील त्या फक्त आपल्या दोन मुली. तिसरी मॅच. बघ."

वरून घेतलेलं चित्र होतं, सगळं मैदान दिसत होतं. समोरची मुलगी चौदा नंबरच्या बाजूने पळाली, मागे गेली. चौदा नंबर मागोमाग.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले.

"तू चेंडूकडे बघतेस. चेंडू सोड. मागे बघ. मागे कोण असायला हवं?"

मागे कुणी नव्हतं.

"प्रत्येकीला मी जागा वाटून दिली आहे," कोच म्हणाली. "माणूस नाही, जागा. चौदाची जागा इथपर्यंत." तिने पडद्यावर नख ठेवलं. "इथून पुढे पळणारीला सोडून द्यायचं, कारण मागची तिला घेणार. मागची म्हणजे तुझी मुलगी. ती कुठे आहे?"

माझी मुलगी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होती. छोटा पास पकडायला झेप घेत होती. मी चांदणी काढायची ती झेप.

"चौदाला मी कितीदा सांगितलं, तू तुझी जागा सोडू नकोस. ती म्हणायची, मग मागे कोणीच नसतं ना. दुसरीची जागा भरायला धावायची म्हणून तुझ्या कागदावर दर वेळी तिचा नंबर." तिने एकामागून एक तुकडे दाखवले. पाचही वेळा तेच. "एवढं कळायला तुला मला एक प्रश्न विचारायचा होता. तू विचारला नाहीस. सगळ्या पालकांना वाटून टाकलंस."

मी चिडून म्हणाले, "मग रिपोर्ट आला तेव्हाच का नाही बोललीस? नोटेड म्हणून गप्प बसलीस!"

"माझी तेवढी चूक," ती म्हणाली. "मला वाटलं, पालक आहे, कागद लिहून शांत होईल. पट्टा परत दिला तेव्हा मी त्या मुलीला अडवलं. थांबली नाही. आता फॉर्म दे इकडे. पुढच्या मॅचपासून तू आत येऊ नकोस."

फॉर्म दिला. पाचवा रकाना तिने पाहिला आणि माझ्यासमोर कागद उभा फाडून तो रकाना तेवढा मला परत दिला.

गाडीत मुलगी मागे बसली होती. शहर मागे पडलं. मग मी वळले.

"तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स."

"मग तीन आठवडे तोंड शिवलं होतंस? तुझ्यामुळे ती मुलगी टीम सोडून गेली!"

"माझ्यामुळे? आई, यू डिड दॅट. नॉट मी."

"तू सांगायचं होतंस."

"यू नेव्हर आस्क्ड!" ती एवढ्या जोरात ओरडली की नवऱ्याने गाडी हळू केली. "तू मला एकदा तरी विचारलंस? शनिवारभर टाइप करत होतीस, मी बाजूच्या रूममध्ये होते. डायरेक्ट ग्रुपवर वाचलं मी."

"वाचल्यावर तरी?"

तिने खिडकीची काच जरा खाली केली, परत वर केली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यात लिहिलं होतंस, उत्तम. तू माझ्याबद्दल असं कधी लिहितेस? आय लाइक्ड इट. मग इट वॉज टू लेट."

मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी गाडीतून उतरून चालत कुठेतरी निघून जावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. नवरा समोर बघत म्हणाला, "उद्या खोर फक्कानला जायचं. तिघांनी." त्याने कधी नव्हे तो विचारण्याचा सूर लावला नव्हता.

निघण्यापूर्वी मी ग्रुपवर लिहिलं. "माझा रिपोर्ट चुकीचा होता. मला खेळ समजला नव्हता. लांब पास चौदा नंबरच्या जागेत येत नव्हते, ते मागच्या खेळाडूच्या जागेत येत होते आणि मागची खेळाडू माझी मुलगी आहे." मुलीला आधी वाचायला दिलं. तिने 'माझी मुलगी आहे' वर बोट ठेवलं, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "ठीक आहे. सेंड."

डोंगर ओलांडून खोर फक्कानला पोचलो तेव्हा त्यांच्या किचनमध्ये दुपारचं जेवण भरायची गडबड चालू होती. मोठाली पातेली, भाताच्या वाफेने पांढरी झालेली काच. बाईने आम्हाला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं नाही. शेवटचं पातेलं गाडीत चढल्यावरच ती बाहेर आली. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. दारात आलेल्या माणसाला आपण देतो, तेवढ्यापुरता.

"ग्रुपवर वाचलं मी," ती म्हणाली. "आता काय?"

"माफी मागायला आलेय."

"मागा."

मी मागितली. शब्द जुळवून आणले होते, ते सगळे विसरले. चुकलं, मी मुद्दाम तुमच्या मुलीला शोधत होते, एवढंच तोंडातून निघालं. ती ऐकत होती, चेहरा हलला नाही.

"बरं झालं, मुद्दाम म्हणालात," ती म्हणाली. "चुकून म्हणाला असतात तर चहा पण दिला नसता."

तिने मुलीला हाक मारली. मी तिला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं, नंबरच पाहिला होता. बारीक अंगाची, कोपरावर खरचटल्याचे डाग. ती माझ्याकडे न बघता माझ्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आंटी, आमचं सेटल झालं होतं," ती मराठीतच म्हणाली, सावकाश, शब्द शोधत. "थर्ड मॅचनंतर हिने मला सॉरी म्हटलं होतं. मी म्हटलं, ओके, तू पुढे जा, मी मागे बघते. आम्ही तसं ठरवलं होतं. कोचला नव्हतं सांगितलं. मग तुमचा पेपर आला."

"मग तू का नाही सांगितलंस कुणाला?"

"हिला काढलं असतं."

माझी मुलगी रडायला लागली. नवऱ्याने कप खाली ठेवला. मी त्या मुलीला म्हणाले, "परत ये टीममध्ये. मी कोचशी बोलते."

"तुम्ही नका बोलू," ती लगेच म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. "प्लीज. तुम्ही कुणाशीच नका बोलू."

तिच्या आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. निघताना तिने नवऱ्याला "सावकाश जा भाऊजी" म्हटलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते लागलं, आणि रागही आला, कारण मी एवढी वाट तुडवून, मान खाली घालून आले होते. त्या रागाची मला आजही लाज वाटते, पण तो होता.

ती मुलगी टीममध्ये परत आली नाही. कोच स्वतः दोनदा हॉस्टेलवर जाऊन आली, असं मुलीकडून कळलं. माझ्या मुलीला कोचने मागून काढून उजवीकडे ठेवलं. तिथे इंटरसेप्शन वगैरे काही मिळत नाही, आपल्या जागेत उभं राहायचं आणि समोरून पळत आलेलीला वेळ झाली की सोडून द्यायचं. ती ते करते. दोघींचं बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही, हॉस्टेलच्या खोल्या आता वेगळ्या आहेत.

मला गेटच्या आत प्रवेश नाही. मॅचच्या दिवशी मी नवऱ्यासोबत कॅफेटेरियात बसते. आतून ओरडा येतो, तो कुणाच्या बाजूचा हे बाहेरून कळत नाही. मुलगी बाहेर येते, बॅग मागच्या सीटवर टाकते. एकदा मी विचारलं, "कशी झाली मॅच?" ती म्हणाली, "झाली." मग कमरेचा पट्टा सोडून बॅगेवर टाकला. मीही पुढे काही विचारलं नाही.